मागच्या दारची सायकल

ताई, सापडलं गं! तुझ्या मागच्या ब्रेकचं दुखणं शेवटी सापडलं.

काल दसऱ्याला भर दुपारी, कर्जतच्या आपल्या दुकानामागच्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत सापडलं. आणि सापडल्याबरोबर मी काय केलं असेल? हात पुसायच्या आधी खिशातून फोन काढला. त्याच्यावर माझ्या अंगठ्याचा तेलकट डाग अजून आहे. ‘ताई खोपोली’ हे नाव समोर आलं, आणि मग ध्यानात आलं, की श्रावणात तुला आम्ही पोचवून आलोय.

पहिला रागच आला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं त्या ब्रेकवरून माझं डोकं खाल्लंस, आणि उत्तर मिळालं तेव्हा ऐकायला तू जागेवर नाहीस. ही काय पद्धत झाली? तापाचं निमित्त झालं आणि निघून गेलीस. भांडण तरी संपवून जायचंस. बाकी कुणाला सांगू हे? भावोजींना ब्रेकमधलं ओ की ठो कळत नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं तर म्हणतील, म्हातारा लागला बडबडायला. म्हणून आज दुकान अर्धं उघडं ठेवून बसलोय आणि तुलाच सांगतोय. ऐक, मधे बोलू नकोस.

आधी केतकीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावर अडलं होतं. तुझ्या रविवारच्या सायकलवाल्या मंडळींनी तुझ्या आठवणीसाठी येत्या रविवारी सोंडाई गडाच्या पायथ्याला जायचं ठरवलंय. तोच तो दगडी उतार, ज्याच्यावरून उतरून आलीस की आठवडाभर तुझं बोलणं संपायचं नाही. आणि तुझी लेक म्हणते, आईच्या जागी मी जाणार, आईच्याच सायकलवर. भावोजींनी निर्णय माझ्यावर टाकला. नुसते माझ्याकडे बघून म्हणाले, “विनायकराव, तुमी सांगा. ब्रेक बरा हाय म्हणलात तर जाऊ दे तिला.”

आता मी काय सांगणार? एक दिवस घट्ट आणि एक दिवस मऊ असला ब्रेक मी वैऱ्याच्या हातात देणार नाही. ही तर तुझी एकुलती एक. आणि पोरीला नाही म्हणावं, तर ती तुझ्यासारखीच तोंड मिटून बसते. तुझ्या त्या गप्प बसण्याला अप्पासुद्धा घाबरायचे.

तू सायकल घ्यायला आलीस तो दिवस आठवतोय का? चाळिशी ओलांडली होतीस. साजगावच्या कारखान्यात स्टोअरची नोकरी, घरचं सगळं, आणि एका संध्याकाळी दुकानात उभी राहून म्हणालीस, “विन्या, मला ती जाड चाकाची पायजे. डोंगरात चालवायची.” मी हसलो. म्हटलं, “गुडघ्यांना विचारून आलीस का?” तू सरळ एक सायकल उचलून वजन बघितलंस. साडीचा पदर खोचून.

मग मी तुला डिस्क ब्रेक समजावला. ह्यात तार नाय, तेल हाय. लिव्हर दाबला की तेल नळीतून खाली चाकापाशी जातं, तिथं दोन छोटे पिस्टन हायत, ते दोन्ही बाजूंनी पॅड ढकलतात आणि पॅड डिस्कला आवळतात. मी असा हात हलवून हलवून सांगत होतो, आणि तू म्हणालीस, “म्हंजे रंगपंचमीची पिचकारी.” संपलं! माझं सगळं भाषण तू एका शब्दात गुंडाळलंस. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना तसंच सांगतो, आणि शब्द माझाच असल्यासारखं सांगतो.

त्या सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला आलेला. तू गल्लीत एक चक्कर मारलीस आणि तिथंच अडलीस. “आपल्याकडं पुढचा उजव्या हाताला असतो. माझ्या हातांना जन्माची सवय हाय. ऐन वक्ताला हात काय विचार करत बसणार?” बरोबर होतं तुझं. मी दोन्ही लिव्हर अदलाबदल करून दिले. पुढच्याची नळी तशीच पुरली, त्याला मी पाना लावला नाही. तो कारखान्यातून भरून आला तसाच आहे. मागच्याची नळी वाकडी बसत होती, ती थोडी कापली, पुन्हा जोडली आणि नवं तेल माझ्या हातानं भरलं. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

तिथून तुझे फोन सुरू झाले. “विन्या, मागचा आत जातोय.” म्हणजे कसा, विचारलं तर म्हणालीस, “पुढचा कसा, दारात उभा राहून बोलणाऱ्या माणसासारखा. जिथं थांबायचं तिथं थांबतो. आणि हा मागचा, आत या म्हणलं की पार सैपाकघरापर्यंत.” मी म्हटलं, अगं मागची नळी लांब असते, थोडा फरक राहणारच. “थोडा फरक मला कळतो. हा थोडा नाय. दोन्ही हातांना सारखं लागलं पायजे.”

दोन्ही हातांना सारखं! हे तुझं लहानपणापासूनचं. अप्पा म्हणायचे, पोरांत डावं-उजवं करायचं नाय, आणि ते तू अप्पांपेक्षा मनावर घेतलंस. माथेरानहून कुणी चिक्की आणली की ती मोडायचं काम तुझ्याकडे. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून बघायचीस, ज्याच्यात जास्त असेल त्याचा कोपरा दातानं तोडून बरोबरी करायचीस. आणि तोडलेला कोपरा कुणाच्या पोटात जायचा? एवढी वर्षं मला त्यातली मेख कळली नव्हती. परवा दुकानात चिक्की खाताना कळली आणि मी एकटाच हसत बसलो.

बरं, तू फोन करायचीस, मी म्हणायचो घेऊन ये. तू खोपोलीहून सायकल मारत यायचीस, घामानं निथळत उतरायचीस, आणि मी लिव्हर दाबायचो तर काय? दगड. पुढचा जसा तसा मागचा. तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. डॉक्टरच्या पायरीवर पाऊल ठेवलं की पोराचा ताप उतरतो ना, तसली गत. “म्हंजे मी खोटं बोलते?” मी कधी तसं म्हटलं नाही, तूच म्हणायचीस. तुझा हात खोटं सांगत नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. चाक फिरवून आउट, म्हणजे वाकडेपणा, कुठं आहे ते मी गेज लावून बघायचो, तू लांबून बघून सांगायचीस. म्हणून मी दर वेळी नव्यानं शोधायला बसायचो.

काय काय नाही बघितलं! पॅड झिजलेत का, बघितले. डिस्क वाकली का, फिरवून बघितली. पॅड-पिस्टन धरणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सैल आहेत का, आवळून बघितले. एकदा दोन पिस्टनमधला एक पुढं सरकत होता आणि दुसरा आळसावून बसला होता. मी आनंदानं ओरडलो, घावला चोर! त्याला पुसून, तेल लावून, आत-बाहेर करून हलता केला. आठवड्यानं तुझा फोन: “गेला परत सैपाकघरात.” मग मला संशय आला, की तू घरी कुणाकडून तरी मोटरसायकलचं ब्रेक ऑइल घातलंस. त्या तेलानं आपल्या ब्रेकचे रबरी सील फुगतात आणि मग सगळंच बिघडतं. विचारलं तर केवढी चिडलीस! “मी स्टोअरला हाय. कुठल्या डब्यात काय असतं ते मला शिकवतो?” दोन दिवस फोन घेतला नाहीस.

आणि ते हळदकुंकू! तो दसरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. पूजा केलीस ती केलीस, हँडलला लावायचं ते थेट डिस्कवर पाच बोटं. वर निरांजनातल्या तुपाचं बोट. ब्रेक मारला की डुक्कर अडकल्यासारखा आवाज यायचा, सगळी आळी बाहेर यायची. मी तुला नको नको ते बोललो. डिस्कला तेल-तूप लागलं की पॅड ते पितात, मग ते पॅड फेकून द्यायचे, दुसरा उपाय नाही. तू शांतपणे म्हणालीस, “देवाला काय कळतंय, हँडल कुठलं आन् डिस्क कुठली.” मी म्हटलं, देवाला नाय कळत, पण दगडावर आपटल्यावर तुला कळेल.

शेवटी राहिली हवा. तेलात हवा असली की लिव्हर मऊ लागतो, कारण तेल दबत नाही आणि हवा दबते. मी म्हणायचो हवा आहे. तू म्हणायचीस, दर वेळी हवा काढतोस आणि दर वेळी नवी हवा येते, ती येते कुठून? नळी कुठं गळत नाही, सांधा कोरडा आहे, मग? मी पिचकारी लावून हवा काढून द्यायचो, तू घेऊन जायचीस, आणि आठवड्या-पंधरवड्यानं पुन्हा तेच.

आपलं शेवटचं धड बोलणं यावरच झालं. आजारी पडायच्या आधी. तू म्हणालीस, “विन्या, मी विचार केला. तुझ्या दुकानात तो बरा असतो आन् माझ्याकडं बिघडतो. म्हंजे दोष ब्रेकात नाय. माझ्या घरात काय तरी होतंय.” आणि मी काय म्हटलं? “घराला बाधा झालीया. लिंबू-मिरची बांध.” तू हसलीस. मागं कुकरची शिट्टी झाली आणि म्हणालीस, “ठेव आता, भात लागंल.”

अगं, तू सांगितलं होतंस मला. उत्तर तिथंच होतं, कुकरच्या शिट्टीपाशी.

तू गेल्यावर आलो तेव्हा सायकल पुढच्या ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बायका आत, पुरुष बाहेर. मी तिच्याशेजारी बसलो. हात आपोआप मागच्या ब्रेककडं गेला. दाबला तर घट्ट. दहाव्याला आलो, परत दाबला. घट्ट. तेराव्याला पंगती उठत होत्या आणि मी चपला घालताना चोरून दाबला. घट्ट! भावोजींना वाटलं, मला रडू आलंय म्हणून तोंड फिरवलं. रडूही आलंच होतं, पण त्याच्याआधी संताप आला होता. ती असताना एक दिवस सरळ वागला नाहीस, आणि ती गेल्यावर शहाणा झालास? ब्रेकला शिव्या देणारा माणूस तेराव्याच्या दिवशी तुझ्या ओटीवर बसला होता.

हळूहळू मला उलटंच वाटायला लागलं. की तुझ्या हातातच काही होतं. तू दाबलास की तो मऊ व्हायचा. असलं काही नसतं हे मला कळतं, मी यंत्राचा माणूस आहे. पण माणूस गेल्यावर डोकं कुठं कुठं जातं ते विचारू नकोस.

आता काल. तुझ्या घरी यंदा वर्षभर सण नाही. सकाळी टेंपो दारात थांबला आणि आतून केतकी उतरली, मागं सायकल. म्हणाली, “मामा, आमच्याकडे सण नाही. पण आईच्या सायकलची पूजा चुकली असं कधी झालं नाही. म्हणून तिच्या माहेरी आणली.” सायकल माहेरी आणली! म्हटलं, आण, धू आधी तिला, चिखल बघ केवढा.

मी पुढं दुकानाला झेंडूचं तोरण बांधत होतो. दारावर, हवेच्या पंपावर, पान्यांच्या फळीवर. ते संपवून मागं अंगणात गेलो आणि पाय जागच्या जागी थांबले. केतकीनं गोणपाट अंथरलं होतं, आणि सायकल त्याच्यावर उलटी. सीट आणि हँडल खाली, दोन्ही चाकं आकाशाकडं. आणि ती पोरगी एका हातानं पॅडल फिरवतेय, दुसऱ्या हातानं चाकावर पाणी सोडतेय. ताई, क्षणभर मला अप्पा दिसले. त्याच जागी. तसंच गोणपाट, तसाच वाकलेला पाठीचा कणा. काय म्हणायचे ते? “सायकल पायावर उभी असली की खोटं बोलती. उलटी केली की खरं सांगती.”

“उलटी कशाला केलीस गं?” मी विचारलं.

“मग कशी धुणार? आई तर कायम उलटीच ठेवायची.”

“धुताना?”

“धुताना पण आणि नंतर पण. हिला स्टँड कुठंय मामा? टेकवली की वाऱ्यानं पडते. मागच्या दारी पाण्याच्या टाकीजवळ उलटीच असायची ना ती. जायच्या वेळी सरळ करायची आणि निघायची.”

मी म्हटलं, मी तर कधी उलटी बघितली नाही. मी आलो की ती पुढं ओटीवर असायची, भिंतीला टेकलेली.

तर तुझी लेक काय म्हणाली माहीत आहे? अगदी सहज म्हणाली. “तुम्ही भाऊबीजेला यायचात ना. पाहुणे यायचे म्हणून मागची जागा भांडी घासायला मोकळी करायचो. मग सायकल पुढं.”

पाहुणे! मी, पाहुणा! आणि श्रावणात तुझ्या दारात माणसं जमली तेव्हाही तसंच झालं असणार. मागं भांडी घासायला जागा पाहिजे, कुणीतरी सायकल उचलून पुढं आणली, टेकवली आणि ती तिथंच राहिली. म्हणून तेव्हापासून ती सरळ आहे. म्हणून घट्ट आहे.

केतकीला म्हटलं, तिला हात लावू नकोस, राहू दे तशीच उलटी. आपण आधी जेवून घेऊ. जेवण कुठलं जातंय! पानावरून उठलो, सायकल सरळ उभी केली आणि पुढचा ब्रेक दाबला. जागच्या जागी. मागचा दाबला.

गेला गं. पार हँडलला टेकला. सैपाकघरापर्यंत.

पाच-सहा वेळा दाबला तर यायला लागला वर. अजून थोडा दाबला, सायकल थोडी आपटली, फिरवली, आणि घट्ट. जसं काही झालंच नाही. म्हणजे तू खोपोलीहून कर्जतपर्यंत खड्ड्यांत आदळत, ब्रेक मारत यायचीस, तेवढ्यात तो बरा व्हायचा आणि माझ्यासमोर साव म्हणून उभा राहायचा. मी अंगणातच बसलो. आधी हसायला आलं. केतकी घाबरली, म्हणाली, मामा काय झालं? आणि मग मी जसा रडलो ताई, तसा तुला पोचवून आल्यावरही रडलो नव्हतो.

तर ऐक, असं होतं. लिव्हरच्या डोक्यात तेलाची छोटी टाकी असते. त्या टाकीत वरच्या बाजूला हवेचा फुगा राहिला, तरी सायकल सरळ असेतोवर काही होत नाही. हवा वर, तेल खाली, नळीत तेलच जातं. पण सायकल उलटी केली की टाकी खाली आणि नळी वर. हवा काय करणार? हवा वरच जाणार. ती नळीत शिरते, आणि सायकल सरळ राहिली, दाबली-आदळली की हळूहळू परत टाकीत येते. आणि तो फुगा तिथं ठेवला कुणी? मी. दुकानात आता मी सायकल उलटी करत नाही, मुंबईवाल्यांच्या महागड्या सायकली येतात म्हणून पकडीचा स्टँड घेतलाय. त्या स्टँडवर सायकल पुढं जरा नाकाडावर कललेली असते. लिव्हर आडवा सपाट असायला पाहिजे, तो तिरका राहतो, आणि टाकीच्या कोपऱ्यात थोडी हवा दडून बसते. दर वेळी मी नळीतली हवा काढत होतो आणि टाकीतली तशीच ठेवत होतो. पुढच्या ब्रेकला माझा हात लागला नव्हता, म्हणून तो कितीही उलटा केला तरी बरा.

म्हणजे हवा माझी आणि उलटं करणं तुझं. निम्मं निम्मं. चिक्कीसारखं. हवा आहे म्हणत होतो ते मी बरोबर, घरात काहीतरी होतंय म्हणत होतीस ते तू बरोबर. झालं समाधान? आता हे भांडण कोण जिंकलं ते तूच ठरव.

एक गोष्ट मात्र कधी बोललो नाही, ती आज बोलतो. अप्पांनी दुकान माझ्या नावावर केलं. मी मुलगा म्हणून. कुणी विचारलं नाही, तूही विचारलं नाहीस, सगळे ते धरूनच चालले होते. जन्मभर डावं-उजवं करू नका सांगणाऱ्या माणसानं तेवढं एक केलं. तुझं लग्न झालं, तू खोपोलीला गेलीस आणि पाना माझ्या हातात राहिला. पाना मी चांगलाच चालवला, माझी तक्रार नाही. पण अप्पांची रीत मी केव्हाच सोडली आणि ती तू मागच्या दारी टाकीजवळ जपत बसली होतीस, मला न सांगता. सांगण्यासारखं काही आहे असं तुला वाटलंच नसणार. नीट धुतलेली सायकल उलटी ठेवायची, ह्यात सांगायचं काय? आणि मी वर्षातून एकदा ओवाळून घ्यायला येणारा, पाटावर बसणारा, पुढच्या खोलीतला माणूस. मला ती दिसायचीच कशी?

आता ब्रेकचं. सरळ उपाय काय होता? केतकीला सांगायचं, बाई, ही सायकल उलटी करायची नाही. तेवढं ऐकलं तर ब्रेक जन्मभर बरा राहील. तोंडाशी आलं होतं माझ्या. पण तिच्याकडं बघितलं तर ती गोणपाटाची घडी घालत होती. अप्पा घालायचे तशी, आधी उभी मग आडवी. तिला ती घडी कुणी शिकवली असेल? मी गिळलं ते वाक्य.

स्टँड बाजूला केला. सायकल जमिनीवर उभी केली, केतकीनं धरली. हँडल फिरवून लिव्हर अगदी सपाट केला, वर ताटलीत पाणी ठेवलं तर सांडणार नाही इतका. चाक काढून पॅडच्या जागी पिवळा ठोकळा बसवला, पिस्टन सरकू नयेत म्हणून. टाकीचा स्क्रू काढून वर तेलाची वाटी लावली, खालून पिचकारीनं तेल ढकललं. मग पेचकसाच्या मुठीनं नळीवर टकटक करत खालून वर, खालून वर. एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग कोपऱ्यात दडून बसलेला मोठा आला, गबदुल, आणि वाटीत येऊन फुटला. केतकी म्हणाली, “एवढासा?” एवढासाच गं. एवढ्याशानं बहीण-भावाला इतकी वर्षं नाचवलं.

एक सांगू? तो फुटल्यावरही मी वाटी लगेच काढली नाही. तुझी म्हणून उरलेली तेवढी एकच तक्रार माझ्याकडे होती.

टाकी काठोकाठ भरली, बंद केली. अल्कोहोलनं डिस्क पुसली, ठोकळा काढून पॅड बसवले, चाक लावलं. मग केतकीला म्हटलं, कर उलटी. ती बघतच राहिली. म्हटलं, कर! सायकल उलटी ठेवून आम्ही पूजा केली. तिनं कुंकू लावलं, चाकांच्या आसांना, पॅडलला, गोणपाटाला टेकलेल्या हँडलला सुद्धा. हात डिस्कपाशी गेला आणि थांबला. म्हणाली, “इथं नाही. आई सांगायची, डिस्कला लावलं की मामा ओरडतो.” म्हणजे ऐकलं होतंस तू! तोंडावर कबूल केलं नाहीस, पण ऐकलं होतंस.

झेंडू वाहिला, आपट्याची पानं ठेवली. ऊन पार कलेपर्यंत सायकल तशीच ठेवली. मग सरळ केली आणि म्हटलं, तू दाब. तिनं दोन्ही हातांनी दोन्ही लिव्हर एकदम दाबले. डोळे मिटून दाबले, तू करायचीस तसं.

“मामा,” ती म्हणाली, “दोन्ही सारखे लागतायत.”

मी डावीकडं वळून म्हटलं, “बघ!” डावीकडं तू उभी राहायचीस. तिथं कुणी नव्हतं.

संध्याकाळी टेंपोनं ती परत गेली. भावोजींना मी फोन करून सांगितलं, जाऊ दे रविवारी पोरीला, ब्रेक बरा आहे. ते म्हणाले, “तुमी म्हणता तर झालं.” थोड्या वेळानं केतकीचा फोन आला, पोचले म्हणून. विचारलं, सायकल कुठं ठेवलीस? “मागं, टाकीजवळ.” सरळ का उलटी? जरा चाचरत म्हणाली, “उलटी. चालेल ना मामा?” म्हटलं, उलटीच ठेव, आता काय होत नाय तिला.

दिवाळी आलीच आहे ताई. तुझ्या घरी दिवे नसतील, ओवाळायला तू नसशील. पण भाऊबीजेला मी येणार आहे. फक्त मी येणार म्हणून कुणी जागा मोकळी करायची नाही, सायकल पुढं आणायची नाही, हे केतकीला आत्ताच सांगून ठेवलंय. मी मागच्या दारानं येईन.